कोल्ह्यासाठी योग्य काडतूस

धम्मानंदचा बंदुकीशी आयुष्यात एकदाच संबंध आला होता. जालन्याच्या जत्रेत त्याने छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडायला दोन रुपये दिले, दहाच्या दहा छरे कनातीत घातले आणि फुगेवाल्याने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती विसरायला त्याला दहावी उजाडली. अशा माणसावर इंग्रज शेतकऱ्यांना कोल्हा मारायला कोणतं काडतूस घ्यावं याचा सल्ला देण्याची वेळ आली, आणि तीही सिंगापुरात, म्हणजे जिथे काडतूस हा शब्द उच्चारतानासुद्धा माणूस आधी मागे वळून बघतो.

काम छोटं होतं. निदान नीलिमाने तसं सांगितलं. नीलिमा त्याची मॅनेजर, मूळची दादरची, आणि तिच्या तोंडून 'छोटं' हा शब्द निघाला की ऑफिसातली निम्मी माणसं वॉशरूमला जात. धम्मानंद त्या दिवशी जागेवरून उठला नाही, एवढीच त्याची चूक.

"इंग्लंडमधलं शेतीच्या सामानाचं दुकान आहे," नीलिमा म्हणाली. "तिकडे कोल्हे मेंढ्यांची कोकरं पळवतात. शेतकरी वेबसाइटवर येणार, बंदूक कोणती, अंतर किती, जमीन कुठली ते भरणार, आणि आपलं पान त्याला काडतूस सुचवणार. कायद्यात बसणारं हवं, आणि कोल्हा जागच्या जागी मेला पाहिजे, जखमी होऊन तडफडत पळायला नको. त्यावर त्यांचा फार कटाक्ष आहे. दोन आठवडे बस झाले."

"पण मलाच का?"

"तू सौम्य आहेस. सौम्य माणसाने लिहिलेलं बरं दिसतं."

एरवी धम्मानंदने हे काम मुकाट्याने केलं असतं. पण तीनच आठवड्यांपूर्वी, म्हणजे २०१४ च्या जानेवारीत, त्याने पीआरसाठी अर्ज केला होता. कायमच्या वास्तव्याचा हा त्याचा तिसरा अर्ज. आधीचे दोन अतिशय नम्र शब्दांत परत आले होते. लेकीला, वल्लरीला, पुढच्या वर्षी पहिलीत घालायचं होतं, आणि सरकारी शाळेत आधी इथले नागरिक आणि पीआरवाले, मग जे काही उरेल ते बाकीच्यांना. सेंगकांगच्या त्यांच्या ब्लॉकसमोरच शाळा होती. वल्लरी रोज तिच्या कुंपणात नाक खुपसून "माय स्कूल" म्हणायची. पीआर नाही झालं तर प्रियदर्शिनीने लेकीला घेऊन औरंगाबादला जायचं आणि धम्मानंदने इथे एकट्याने राहायचं, असं नवराबायकोचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे एकदा बोलून झालं होतं, आणि पुन्हा तो विषय काढायची दोघांचीही छाती झाली नव्हती.

पहिल्या दिवशी त्याने इंटरनेटवर शोधलं, 'कोल्ह्यासाठी बारा बोअरचं उत्तम काडतूस'. एंटर दाबल्यावर त्याला आपण काय केलं ते कळलं. जेवणाच्या सुट्टीत त्याने ही गोष्ट शिरीषला सांगितली. शिरीष बाजूच्या टीममध्ये होता, नऊ वर्षं इथे राहिलेला, आणि कुठल्याही गोष्टीची काळी बाजू त्याला फूड कोर्टातल्या रांगेत उभ्या उभ्या दिसत असे.

"सिंगापुरात कोल्हे आहेत का?" शिरीषने विचारलं.

"नाहीत. तेही मी शोधलं."

"म्हणजे सरकारकडे आता दोन नोंदी. हा माणूस काडतुसं शोधतोय, आणि कोल्हा नाही हे याला माहीत आहे. मग तो कोणाला मारणार, असा प्रश्न कुणालाही पडेल." शिरीषने नूडल्स गुंडाळले. "इथे रिकामं काडतूस खिशात सापडलं तरी फटके आहेत. तू असं कर, बॅलन्स कर. रोज थोडं चांगलं काहीतरी शोधत जा. ऑर्किड, नॅशनल डे, वृद्धांची सेवा."

धम्मानंदने त्या दिवसापासून प्रत्येक काडतुसामागे दोन ऑर्किड शोधायला सुरुवात केली. कामाचा वेग त्यामुळे एक तृतीयांश झाला. शिवाय आपल्यावर कुणाची तरी नजर आहे अशी त्याची खात्री पटत गेली. एमआरटी ट्रेनमध्ये समोर बसलेला माणूस पेपरचं पान उलटत नाही हे त्याच्या लक्षात आलं. खाली एक पांढरी व्हॅन सलग दोन दिवस उभी दिसली. ती एसी दुरुस्त करणाऱ्यांची होती, तसं तिच्यावर लिहिलेलंच होतं, पण धम्मानंदच्या मते मुद्दाम तसंच लिहिणार.

घरी वेगळाच संशय शिजत होता. प्रियदर्शिनी खोलीत आली की हा लॅपटॉप मिटायचा. ती विद्यापीठाच्या लॅबमध्ये संशोधक, म्हणजे पुराव्याशिवाय बोलायची तिला सवय नव्हती. चार दिवस तिने निरीक्षण केलं, पाचव्या दिवशी तो आंघोळीला गेला असताना लॅपटॉप उघडला, आणि तो बाहेर आला तेव्हा ती पलंगावर सुन्न बसली होती.

"दुसरी बाई असती तर मी समजू शकले असते," ती म्हणाली. "कोल्हा का?"

त्याने सगळं सांगितलं. ऐकून तिला बरं वाटलं, आणि लगेच पीआरची आठवण होऊन वाईट वाटलं. "हे काम सोड," ती म्हणाली. पण काम सोडलं तर नोकरीवर बालंट, आणि नोकरी गेली तर पीआर राहू दे, इथे काम करायचा पासही जाणार. ते दोघं अर्धा तास याच वर्तुळात फिरले आणि शेवटी चहा करून प्यायले.

आता खरी अडचण छऱ्यांची होती. काडतुसात छरे असतात, त्यांना आकारानुसार नावं असतात आणि क्लायंटने पाठवलेल्या तक्त्यात ही नावं शाळेतल्या तुकड्यांसारखी होती. सात नंबर, पाच नंबर, बीबी, एएए. मोठे छरे संख्येने थोडे, लहान छरे पुष्कळ. लहान छरे कोल्ह्याला नुसते जखमी करतात. फार मोठे घेतले तर ते थोडे असतात आणि इकडेतिकडे निघून जातात. दहा वेळा वाचूनही धम्मानंदच्या डोळ्यांसमोर काही उभं राहीना. मिलिमीटर ही त्याच्या मते कल्पना होती.

शेवटी तो पट्टी घेऊन स्वयंपाकघरात शिरला. मोहरी मोजली तर सात नंबरच्या जवळपास निघाली. ज्वारी चार मिलिमीटर, म्हणजे बीबी. मिरी पाचच्या थोडी वर, एएए. त्याला इतका आनंद झाला की त्याने बरण्यांवर चिठ्ठ्याच चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी प्रियदर्शिनीने फोडणीला 'नंबर सात' घातली आणि ती काही बोलली नाही. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर कुठे बोलायचं आणि कुठे नाही हे तिला कळत होतं.

त्यात पुढच्या आठवड्यात जालन्याहून भाऊसाहेब आले. भाऊसाहेब म्हणजे प्रियदर्शिनीचे वडील, तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. येताना लेकीसाठी पाच किलो ज्वारी घेऊन आले होते आणि विमानतळावर ती त्यांनी कुणी न विचारता स्वतःहून कस्टमच्या लाल रांगेत जाऊन दाखवली होती. तिथल्या अधिकाऱ्याने हात हलवून जायला सांगितलं, तरी 'तपासले' असा शेरा मिळावा म्हणून ते दहा मिनिटं थांबले होते.

बरणीवर 'बीबी' वाचून त्यांनी जावयाकडे पाहिलं. धम्मानंदने त्यांनाही सगळं सांगितलं. एव्हाना हे सगळं सांगण्यात त्याचा हात बसला होता.

रविवारी सकाळी घरात वंदना झाली. सगळ्यांनी पंचशील म्हटलं आणि पहिल्याच शीलाला, प्राण्याच्या हत्येपासून दूर राहण्याच्या त्या ओळीला, धम्मानंदचा आवाज बसला. भाऊसाहेबांच्या ते लक्षात आलं. नंतर बाल्कनीत कपडे वाळत घालताना ते म्हणाले, "जावईबापू, तुम्ही कोल्हा मारत नाही. तो शेतकरी मारणारच आहे, तुम्ही असा की नसा. पण तो तडफडू नये एवढं तुमच्या हातात आहे ना? तेवढं नीट करा. आणि मनात शंका असेल तर ती कागदावर लिहून ठेवा. लिहिलेली शंका पुढे कामाला येते."

ते धम्मानंदच्या मनाला लागलं. त्याने पान पुन्हा नव्याने लिहिलं. अंतर पस्तीस मीटरच्या पुढे गेलं, किंवा शेतकऱ्याने 'नक्की माहीत नाही' यावर टिचकी मारली, की काडतुसाचं नाव यायचंच नाही. तिथे एकच ओळ यायची, गोळी झाडू नका. क्लायंटने आधी कुरकुर केली, दुकानाने गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं म्हणजे काय, असं विचारलं. मग त्यांच्याच एका म्हाताऱ्या मेंढपाळाने ते पान पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा वेबसाइटने शहाणपणाची गोष्ट सांगितली असं कळवलं, तेव्हा ते गप्प झाले. पण जाता जाता त्यांनी एक शेपूट जोडलं. कोणत्या अंतरावर छरे किती पसरतात त्याचं चित्र टाका, आणि ते स्वतः समजून घेऊन टाका.

स्वतः समजून घ्यायचं तर फेकून बघायला हवं होतं. घराची सगळ्यात लांब जागा म्हणजे घराबाहेरचा कॉरिडॉर. वल्लरीने वर्तमानपत्रावर कोल्हा काढून दिला, तो दिसायला थोडा नीलिमासारखा झाला होता, आणि धम्मानंदने तो टोकाच्या भिंतीवर डकवला. मग संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तो पाच पावलांवरून, दहा पावलांवरून, मूठभर ज्वारी कोल्ह्यावर फेकू लागला. वल्लरी दाणे कुठे लागले ते पेनने मार्क करायची. "मिस्ड अगेन, पप्पा. सो लाउझी लाह," ती इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणायची. नंतर तो झाडू मारायचा, पण ज्वारी ती ज्वारीच. गटारात, कुंड्यांमागे, मिसेस कोहच्या चपलांच्या रॅकखाली दाणे राहायचेच.

मिसेस कोह म्हणजे शेजारच्या दारातल्या आजी. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, आणि जाळीच्या दाराआडून बघणं हा त्यांचा मुख्य व्यवसाय. पहिल्याच संध्याकाळी त्या जाळीआड उभ्या राहिल्या. कोल्ह्याकडे पाहिलं, धम्मानंदच्या मुठीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. धम्मानंदने हसून "फॉर ऑफिस वर्क" असं सांगितलं, त्यावर त्यांनी फक्त मान हलवली. असली मान त्याने एकदा व्हिसाच्या खिडकीत पाहिली होती.

मग कबुतरं आली. आधी दोन, मग अकरा. आणि त्याच आठवड्यात पीआरच्या अर्जाबाबत पत्र आलं, विवाह प्रमाणपत्राची प्रत पुन्हा पाठवा.

"लग्नाचा आणि काडतुसाचा काय संबंध?" धम्मानंदने शिरीषला विचारलं.

"तेच तर. संबंध दिसू देत नाहीत." शिरीषने आवाज उतरवला. "घराजवळ कोणी आहे का, लक्ष ठेवणारं? म्हातारं माणूस? त्यांच्यावर कुणाचा संशय जात नाही."

आता धम्मानंदला झोप लागेना. तो पहाटेच उठून दाराच्या भिंगातून बाहेर बघू लागला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मिसेस कोह चक्क त्याच्या दारासमोर वाकल्या होत्या, हातात सुपली, आणि जमिनीवरून काहीतरी गोळा करत होत्या. दुसऱ्या दिवशीही. त्याने भाऊसाहेबांना उठवून दाखवलं.

"पुरावा गोळा करताहेत," धम्मानंद कुजबुजला.

भाऊसाहेबांनी भिंगातून पाहिलं आणि त्यांच्यातला अव्वल कारकून अंथरुणातून उठून बसला. "जावईबापू, छत्तीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट शिकलो. सरकारने विचारल्यावर सांगितलं तर तो खुलासा होतो. विचारायच्या आधी सांगितलं तर ते निवेदन होतं. निवेदन करणाऱ्याचं कुणी वाकडं करत नाही."

तीन दिवस बसून त्यांनी फाइल तयार केली. निवेदन पाच पानी, विषय आणि संदर्भ लिहून. जोडपत्र एक, कंपनीचं पत्र. जोडपत्र दोन, ज्वारी, मिरी व मोहरी यांचे नमुने, प्लास्टिकच्या पाकिटात, स्वसाक्षांकित. पाकिटावर सही कशी करायची यावर सासरा-जावयात थोडा वाद झाला. जोडपत्र तीन, कोल्ह्याचं चित्र, कलाकार कु. वल्लरी, वय सहा. आणि जोडपत्र चार भाऊसाहेबांच्या सूचनेवरून, 'शेजारील व्यक्तीच्या संशयास्पद हालचाली', तारीखवार, वेळेसह, इंग्रजीत. समोरच्याने आपल्याविरुद्ध तक्रार केली असेल तर आपलीही नोंद असावी, म्हणून. मिळून सेहेचाळीस पानं, अनुक्रमणिकेसह. ही कुठे द्यायची हे काही कळेना. प्रियदर्शिनीने फाइल चाळली आणि ती कुठेही दिली तर मी आत्ताच औरंगाबादला जाते असं सांगितलं. म्हणून ती टीव्हीच्या टेबलावर पडून राहिली.

शनिवारी सकाळी साडेदहाला कॉरिडॉरमध्ये बुटांचा आवाज आला. धम्मानंदने भिंगाला डोळा लावला. गणवेशातला एक तरुण अधिकारी, हातात पॅड, मिसेस कोहच्या दाराशी उभा होता आणि मिसेस कोह त्याच्याशी बोलत होत्या. बोलता बोलता त्यांनी धम्मानंदच्या दाराकडे बोट केलं.

"आले," धम्मानंद म्हणाला. त्याला प्रियदर्शिनीचा चेहरा दिसला, सोफ्यावर शाळेच्या कुंपणाचं चित्र रंगवत बसलेली वल्लरी दिसली. मग त्याने फाइल उचलली, प्रियदर्शिनी "थांब" म्हणेपर्यंत दार उघडलं आणि अधिकाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला.

"सर, माझ्याकडे कोणतंही काडतूस नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "जे आहे ते सगळं बरणीत आहे. इथे पूर्ण निवेदन आहे. मीच केलं. कोल्हा इंग्लंडमधला आहे."

अधिकारी दोन पावलं मागे सरला. त्याने फाइल घेतली, कारण ती त्याच्या छातीला टेकली होती. अनुक्रमणिका वाचली. जोडपत्र दोनची पाकिटं उजेडात धरून पाहिली. मिसेस कोह मध्येच काही बोलायला लागल्या तेव्हा धम्मानंदने त्यांनाही हाताने थांबवलं.

"सर," अधिकारी शेवटी म्हणाला, "मी कबुतरांसाठी आलोय. वरच्या मजल्यावरून तक्रार आली, कोणीतरी कबुतरांना दाणे टाकतं. ते बेकायदा आहे." त्याने मिसेस कोहकडे पाहिलं. "पण या मॅडमनी सांगितलं की दाणे त्या टाकतात. सहीसुद्धा केली. लेखी ताकीद आहे, पहिली वेळ म्हणून."

कठड्यावर बसलेली दोन कबुतरं घुमत होती.

"नाही नाही, ते दाणे माझे आहेत," धम्मानंद म्हणाला. "पान तीन बघा, फोटो आहे."

अधिकाऱ्याने पान तीन पाहिलं. मग हातातल्या पॅडकडे पाहिलं. "सर, फॉर्म भरून झालाय. नावाला एकच जागा आहे." फाइल मिटून त्याने ती जवळच उभ्या असलेल्या मिसेस कोहच्या हातात दिली, कारण धम्मानंदचे हात लोंबत होते. "यापुढे दाणे नकोत, ओके?" असं दोघांना मिळून सांगून तो लिफ्टकडे निघून गेला.

"आंटी, तुम्ही का?" धम्मानंदने विचारलं.

"तुझी मुलगी मला सांगते, पप्पाचं पीआर, पीआर," मिसेस कोह म्हणाल्या. "माझ्या सुनेचं दोनदा रिजेक्ट झालं. व्हिएतनामची. शेवटी मुलगा तिकडे गेला राहायला. तुझ्या नावावर काही नको लाह." त्यांनी ताकिदीचा कागद घडी करून खिशात घातला. "तुला ते परत पाठवू शकतात. मला कुठे पाठवणार? मी इथेच जन्मले."

प्रियदर्शिनी दारात उभी होती. तिने तोंडावर हात धरला होता. धम्मानंदला वाटलं, आता आपण घरात जावं, नाहीतर इथेच रडू येईल. पण मिसेस कोहनी फाइल उघडली होती. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या पानं उलटू लागल्या. कोल्हा पाहून हसल्या. मग जोडपत्र चार आलं.

धम्मानंदने फाइल घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती अलगद बाजूला केली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत मोठ्याने वाचू लागल्या. सात मार्च, सकाळी सात दहा, मिसेस कोह आमच्या दारासमोर, हातात सुपली. आठ मार्च, सात दहा, वाकून काही गोळा करताना. दहा मार्च, सात दहा, आमच्या कुंडीमागे.

"करेक्ट," प्रत्येक ओळीनंतर त्या म्हणत होत्या. "दाणे झाडत होते. क्लीनर साडेसातला येतो, त्याने बघितलं तर रिपोर्ट करणार. करेक्ट. करेक्ट." मग त्या थांबल्या. "बारा मार्च चूक आहे. त्या दिवशी माझा गुडघा दुखत होता. मी सात पंचवीसला आले. अगदी धावत."

भाऊसाहेब हळूच पुढे आले. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी खिशातून पेन काढून जावयाच्या हातात दिलं. धम्मानंदने 'सात दहा' खोडलं, वर 'सात पंचवीस' लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली. फाइल मिसेस कोहनी हातातच धरून ठेवली होती, त्यामुळे ती सही कोणत्याही बँकेने मान्य केली नसती.

मंजुरीचं पत्र जूनमध्ये आलं. वल्लरीला समोरचीच शाळा मिळाली, आणि ही बातमी तिने घरात येण्याआधी शेजारच्या जाळीत तोंड घालून सांगितली. लग्नाचा दाखला त्यांनी का मागितला होता तेही कळलं, पहिली प्रत उलटी स्कॅन झाली होती. शिरीषला अजूनही हे पटत नाही.

हल्ली सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी धम्मानंद कॉरिडॉर झाडतो, लिफ्टपासून मिसेस कोहच्या दारापर्यंत. त्यांच्या चपलांच्या रॅकखाली वाकावं लागतं. मिसेस कोह जाळीआड कॉफीचा मग घेऊन उभ्या राहतात आणि तो नीट झाडतो आहे की नाही ते टक लावून बघतात. त्याला आता त्याचं काही वाटत नाही.